जपानने हो म्हणेपर्यंत

उतेकर सर वर्गात प्रश्न विचारीत आणि मग थांबत. बोट दाखवून कोणाला उभे करीत नसत, उत्तराचा पहिला शब्द पुरवीत नसत, रागावतही नसत. खडू छातीशी धरून ते नुसते वर्गाकडे पाहत राहत. पोलादपूरच्या आमच्या शाळेत त्यांच्या शेजारच्या वर्गावर मी विज्ञान शिकवीत असे. दोन वर्गांमध्ये फळ्यांची भिंत होती. त्यामुळे त्यांचा प्रश्न मला ऐकू येई, आणि त्यामागून येणारी शांतताही.

एकदा त्यांनी विचारले, "सावित्री कोणत्या दिशेला वाहते?" प्रश्न सोपा होता, म्हणूनच कोणी बोलेना. सरांच्या सोप्या प्रश्नात काहीतरी दडलेले असते, हे मुलांना अनुभवाने ठाऊक होते. शांतता इतकी लांबली, की माझ्या वर्गातली मुलेही लिहायची थांबली. शेवटी मामाकडे राहून शिकणारी, खाडीकाठच्या तुडीलची एक मुलगी उठली.

"सर, आमच्याकडं दोन्हीकडं वाहते. भरतीला वर येते, ओहोटीला खाली जाते."

तास संपल्यावर सर माझ्या दाराशी आले. चेहरा उजळला होता. "ऐकलंत ना बाई? सगळे पश्चिमेला म्हणाले असते आणि धडा तिथेच संपला असता. उत्तर येतंच. आपण घाई करायची नाही, एवढंच."

घाई न करणे हा त्यांचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावाला त्यांनी शिस्तीचे रूप दिले होते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्यांची वाडी. वाटेत ओढ्यावर साकव, एक ठेंगणा पूल, होता. पावसाळ्यात साकवावरून पाणी गेले, की सर अलीकडे उभे राहून एका ठरावीक दगडाकडे पाहत. तो दगड उघडा पडल्याशिवाय ते पाऊल टाकीत नसत. त्यांच्यामागे शाळेची मुले, दुधाच्या बरण्या घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेली माणसे अशी सगळी वाडी उभी असे. सरांनी पाय टाकला, की वाडी साकव ओलांडायची. त्या साकवावर त्यांच्या हयातीत कोणी वाहून गेले नाही. उशिरा आल्याबद्दल मुख्याध्यापक बोलले, तर सर शांतपणे म्हणत, "उशीर भरून काढता येतो, साहेब."

सरांमागे उभे राहण्याला आणखी एक कारण होते. उतेकरांचे घर वाडीत मानाचे. शिमग्याची होळी त्यांच्या हातच्या चुडीने, पेटत्या काड्यांच्या जुडीने, पेटायची. नवा भात आधी त्यांच्या घरून देवाला जायचा, मग इतरांनी शिजवायचा. हा मान कोणी मागितलेला नव्हता आणि कोणी नाकारलेलाही नव्हता. पहिले पाऊल उतेकरांचे, हे तिथे लहान मुलालाही सांगावे लागत नसे. त्यात हे उतेकर शिकलेले, शिक्षक. मानाला विद्येची जोड मिळाली, की ती मोडणे फार अवघड होते.

आता जपानविषयी. सरांनी जपान पाहिलेला नव्हता, पण भूगोलात तो धडा आला, की त्यांचा आवाज बदलत असे. डोंगराळ देश, आपल्यासारखाच पावसाचा, आपल्यासारखीच भातशेती; खनिजे नाहीत, तेल नाही; तरी श्रीमंत, कारण शिस्त! तिथली मुले वर्ग स्वतः झाडतात, असे सांगून ते स्वतः कोपऱ्यातला झाडू उचलीत. पहिली ओळ ते झाडीत, उरलेला वर्ग मुले. मुलांनी त्यांना 'जपानसर' नाव ठेवले. ते त्यांना कळले होते आणि आवडलेही होते.

घरात मात्र या जपानची सालटी निघत. सरांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे त्यांच्या वहिनी, तरुणपणीच विधवा झालेल्या. सरांची आई लवकर गेल्यामुळे सर वाढले ते याच बाईंच्या हातचे खाऊन. दात गेलेले, पाठ वाकलेली, पण जीभ ताठ. मी घरी गेले, की त्या ओटीवरूनच हाक देत, "ये गो बाय. हे आमचे भावजी आज अजून जपानातच हायेत. जेवायला इकडं येतील, तवा पान वाढीन."

"वहिनी, तिकडे लोक जेवणाआधी हात जोडतात," सर म्हणत.

"मंग इकडं काय पाय जोडतात?"

सर मोठ्याने हसत. त्यांना इतके मोकळे हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

सरांची मुलगी सुजाता संगणकाची अभियंता झाली आणि नोकरीसाठी खरोखरच जपानला, ओसाकाला गेली, त्या दिवशी सरांनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. कोणीतरी थट्टेने म्हणाले, "सर, आता नकाशावर बोट ठेवायला नको, लेकीलाच विचारा." सर गंभीरपणे म्हणाले, "मुलगी लांब गेली, याची काळजी वाटत नाही. तिथे माणसाचं काही चुकत नाही."

पुढे सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी करोना आला. पहिल्या वर्षी वाडी बचावली. मुंबईहून परतलेल्यांना शाळेत वेगळे ठेवले गेले, आणि ती व्यवस्था सरांनीच इतकी चोख ठेवली, की वाडीत एकही माणूस दगावला नाही. मग लस आली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर वाडीच्या शाळेत साठीच्या पुढच्यांसाठी शिबिर ठरले. नावे नोंदवण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे होते. त्या दिवशी तिथे माझी नेमणूक होती.

माणसे वेळेवर आली. म्हातारे धुतलेले सदरे घालून, म्हाताऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून. वहिनींनी केसांत अबोलीची वेणी माळली होती. कोणी हसले, तर म्हणाल्या, "सरकार बोलावतंय. ओकंबोकं कसं जायाचं?"

लसीच्या एका बाटलीत दहा जणांच्या मात्रा असतात. बाटली उघडली, की काही तासांत ती संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून परिचारिकेने आधी विचारले, "दहा जण तयार आहेत ना? मग फोडते." सगळ्यांनी सरांकडे पाहिले.

सर भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "तुम्ही सुरू करा. मी आज घेणार नाही."

मी जवळ गेले. "का हो सर? बरं नाही का?"

"बरा आहे. पण जपानने अजून या लशीला हो म्हटलेलं नाही. ते लोक स्वतःच्या माणसांवर तपासल्याशिवाय काही घेत नाहीत. त्यांनी हो म्हटलं, की मी दुसऱ्या दिवशी घेईन."

"सर, त्यांच्याकडे आजारी कमी आहेत. त्यांना थांबणं परवडतं. मुंबईत काय चाललंय, ते आपण ऐकतोय."

"घाईत घेतलेला निर्णय आणि पुरात टाकलेलं पाऊल, दोन्ही मागे घेता येत नाहीत, बाई." ते हे अगदी सौम्यपणे म्हणाले. "मी कोणाला अडवत नाही. ज्याला घ्यायची, त्याने घ्यावी."

त्यांनी खरोखर कोणालाही अडवले नाही. पण सर उभे आहेत आणि आपण खुर्चीवर बसायचे, हे त्या वाडीत कोणाच्या कल्पनेत बसणारे नव्हते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्या शांततेत वहिनी गुडघ्यावर हात टेकून अर्ध्या उठल्या.

"भावजी, मी जाऊ काय पुढं? तुमचा जपान काय सुई टोचायलाबी मुहूर्त काढतो?"

माणसे हसली. सरही हसले. मग म्हणाले, "वहिनी, थोडं थांबू. गडबड कशाला?"

वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "बरा," त्या म्हणाल्या, "मान तुमचा." आणि परत खाली बसल्या.

दहा माणसे झाली नाहीत. बाटली उघडली गेली नाही. परिचारिकेने लसीचा निळा डबा बंद केला आणि गाडी पुढच्या गावाला गेली. भांडण नाही, अफवा नाही, विरोध नाही. एक सुशिक्षित, सज्जन माणूस थांबला आणि त्याच्यामागे अख्खी वाडी थांबली. मी नोंदीचा कोरा कागद घेऊन महाडला घरी परतले, तेव्हा मला वाईट वाटण्यापेक्षा आश्चर्यच अधिक वाटत होते.

आठवड्याने मी त्यांना समजावायला पुन्हा गेले. सरांना बहुधा ते अपेक्षित होते. त्यांनी मला ओटीवर बसवले, सुजाताला फोन लावला आणि तिचा चेहरा दिसताच फोन आमच्या दोघांमध्ये धरला. वहिनी आणि त्यांची सून राधा उंबऱ्याशी तांदूळ निवडीत बसल्या होत्या.

"सुजा, बाई आल्यात. तिकडे लशींची तपासणी कुठवर आली, ते त्यांना नीट सांग."

सुजाता माझीही विद्यार्थिनी. तिने नमस्कार केला आणि थकल्यासारखी हसली. "काय सांगू बाई? इथे सगळे चिडलेत. माझ्या वरच्या मजल्यावर आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना अजून मिळाली नाही. माझ्या वयाचा तर कोणी विचारही करत नाही."

सर म्हणाले, "तपासून देत असतील."

"बाबा, एक तर केव्हाच तपासून मंजूर झालीय. जगाने मोठमोठ्या चाचण्या केलेल्या असताना इथे पुन्हा थोड्या माणसांवर केल्या, त्यात महिने गेले. पूर्वी कधीतरी लशींवरून कोर्टकज्जे झाले होते, तेव्हापासून सरकारी माणूस सही करायला घाबरतो. स्वतःची लस वेळेत बनवली नाही, बाहेरून यायची तर तिकडच्यांनी अडवून धरली. आली, तर टोचायला माणसं नाहीत. डॉक्टर नाही तर नर्सच हवी, दुसऱ्याला परवानगी नाही. आणि बाटलीतला शेवटचा डोस निघेल, अशा सुयाच पुरेशा मागवल्या नव्हत्या."

"जपानमध्ये?" सरांनी विचारले.

"हो बाबा, जपानमध्ये. पहिल्या वर्षी इथे फार कमी माणसं गेली ना, मग सगळ्यांना वाटलं, आपल्याला काय घाई. आपण शिस्तीचे." मग तिने विचारले, "बाबा, तुम्ही आणि काकींनी घेतलीत ना? मागेच शिबिर होतं म्हणाला होतात."

सर काही बोलले नाहीत. मी अनेक वर्षे त्यांची शांतता भिंतीपलीकडून ऐकली होती. ही तशी नव्हती. प्रश्न विचारून थांबणारा माणूस आज उत्तर देणाऱ्याच्या जागी बसला होता.

"बाबा?"

उंबऱ्याकडून वहिनी म्हणाल्या, "नाय गो बाय. तुझा जपान हो म्हनायचा हाय अजून."

सुजाताचा चेहरा मला आजही दिसतो. ती रडली नाही, ओरडली नाही. तिचे तोंड उघडेच राहिले. "माझ्यामुळे?" एवढेच ती म्हणाली. "बाबा, मी इथे या देशाच्या नावाने बोटं मोडतेय आणि तुम्ही तिथे त्याची वाट बघताय?"

विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगत आले. संपत्तीने लस विकत घेता येते. ती दंडापर्यंत पोचवायला निकड वाटावी लागते. ज्याला आपले घर सुरक्षित वाटते, तो सर्वांत उशिरा उठतो. हे मी देशांविषयी सांगत असे. त्या दिवशी ओटीवर बसून कळले, की ते माणसांनाही लागू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने सर आरोग्य केंद्रावर गेले. वहिनींना सोबत नेले, वाडीतल्या आणखी काहींना नेले. फाटकाला पुठ्ठा बांधलेला होता : लस उपलब्ध नाही. त्या आठवड्यात ती कुठेच नव्हती. ज्यांनी पहिली घेतली होती, तेही दुसरीसाठी हेलपाटे घालीत होते. सर त्या पुठ्ठ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, हे मला तिथल्याच एका शिक्षकाने सांगितले. पाणी ओसरण्याची वाट पाहावी, तसे.

त्यानंतर रोज सकाळी ते केंद्रावर जात आणि परत येत. लस आली नाही. मुंबईहून माणसे मात्र आली. या खेपेला त्यांना वेगळे ठेवायला कोणाच्या अंगात त्राण उरले नव्हते. वहिनींना ताप भरला. महाडच्या रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी सरांनी मला फोन केला. आमच्या साऱ्या ओळखीत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट. खाट मिळाली. वहिनी तिथे आल्या, तेव्हा बोलत होत्या. दारातून आत नेताना सरांना म्हणाल्या, "भावजी, आता तुमी मागं ऱ्हावा. इकडं मीच पुढं."

त्या परत आल्या नाहीत.

मी विज्ञान शिकवते. लसीची एक मात्रा मिळाली असती, तर ऐंशीच्या घरातली ती बाई वाचलीच असती, असे मी म्हणू शकत नाही. कोणीही म्हणू शकत नाही. वाचण्याची शक्यता वाढली असती, एवढेच निश्चित. मी हे सरांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शक्यता किती, हे आपल्याला कधीच कळणार नाही ना, बाई?" मी नाही म्हटले. "मग ती मला पूर्ण धरावी लागेल," ते म्हणाले.

पुन्हा लस आली, तेव्हा वाडीच्या शाळेत शिबिर झाले. सर सर्वांत आधी खुर्चीवर बसले. त्यांच्यामागे एकेक करीत सगळी वाडी बसली. एवढे सोपे होते ते. परिचारिका खुशीत म्हणाली, "सर, तुमच्या एका शब्दावर सगळं गाव आलं बघा." सर उठून बाहेर गेले.

त्याच पावसाळ्यात महाडला महापूर आला. आमच्या घरात छातीइतके पाणी चढले. पोलादपूरकडे दरडी कोसळल्या होत्या. रस्ता मोकळा झाला, तसे सर आले, हातात घरचा झाडू घेऊन. "पहिली खोली माझी," म्हणाले आणि चिखल ओढू लागले. मध्येच सांगितले, "सुजाताला लस मिळाली. कंपनीतच दिली. आता तिकडे भराभर चाललंय म्हणे. म्हणते, वर्षअखेरीपर्यंत भल्याभल्यांच्या पुढे जाऊ." तसेच झालेही. त्या देशाने एकदा मनावर घेतले आणि मागचे अंतर कापून काढले. सर झाडू थांबवून म्हणाले, "उशीर भरून काढता येतो, असं मी म्हणत असे." पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते पुन्हा झाडू लागले.

मी त्यांना शेवटचे पाहिले, ते पुढच्या शिमग्याला. त्यांनी आग्रहाने बोलावले होते. दिवस मावळतीला टेकला होता. पटांगणात होळी रचून तयार होती. ढोल वाजत होता. वहिनींची सून राधा इतर बायांबरोबर पुरणपोळीच्या नैवेद्याचे ताट घेऊन उभी होती. कोणीतरी चूड पेटवून सरांच्या हातात दिली. सर दोन पावले पुढे गेले, होळीपाशी थांबले आणि वळले. ढोल आपोआप बंद पडला.

"आजपासून ही मी पेटवणार नाही," सर म्हणाले. आवाज वर्गातला होता. "माझ्या घरातल्यानेच पेटवावी, असंही नाही. ज्याला वाटेल, त्याने यावं आणि पेटवावी. माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही. कशासाठीच नाही."

कोणी हलले नाही. एक म्हातारा काकुळतीने म्हणाला, "असा कसा सर? मान तुमचा हाय. देवाला काय सांगायचा?"

"देवाला मी सांगेन."

पुरुष जमिनीकडे पाहू लागले. कोणी रागाने पुटपुटले, कोणाच्या डोळ्यांत भीती होती. सरांनी कोणाचेही नाव घेतले नाही, बोट दाखवले नाही. चूड छातीसमोर धरून ते आमच्याकडे पाहत राहिले, आणि ती जळत जळत त्यांच्या मुठीकडे येऊ लागली. चुडीतली एक जळती काडी तुटून त्यांच्या मनगटावर पडली. ती त्यांनी झटकली नाही.

उत्तर येईल की नाही, हे मला कळत नव्हते. आणि मग बायांच्या घोळक्यात राधाने हातातले ताट शेजारणीकडे दिले, पदर खोचला आणि डोके वर केले.